यांच्या नावाची पाकिटं

हे गेल्यावर महिन्याभरात पहिलं पाकीट आलं.

आमचं गाव साताऱ्याहून मेढ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं, पण रस्त्यापासून वर, डोंगराच्या अंगाला. पोस्टमन सायकल खाली लावून चढण चालत यायचा. अपघाताची तारही त्यानेच आणली होती, त्यामुळे पुढे कित्येक दिवस तो आमच्या अंगणात आला की अपराध्यासारखा उभा राहायचा. त्या दिवशीही त्याने एक जाड खाकी पाकीट माझ्या सासऱ्यांच्या हातात दिलं आणि पाणी विचारायच्या आत उतरणीला लागला.

पाकिटावर यांचं नाव टाइप केलेलं होतं. हुद्द्यासकट.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते सुभेदार म्हणून पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, "पलटणीचं न्हाई," म्हणाले आणि माझ्यापुढे धरलं. "इंग्रजी हाय. वाच काय म्हणत्यात."

आमचं लग्न एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात झालं होतं. लढाईतून हे ओरखडाही न उमटता परत आले, आणि त्या आनंदातच सांगलीची मुलगी पाहून घाईने लग्न उरकलं. मी सांगलीच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वडील हळदीच्या अडतीवर कारकून. हे शॉर्ट सर्व्हिसवर अधिकारी होते. ज्या हुद्द्याला आपण जन्मभर सलाम ठोकला त्या हुद्द्यावर आपला मुलगा गेला, याचा मामंजींना फार अभिमान. लग्नानंतर हे वीस दिवस घरी होते. मग दिवाळीला आले ते बारा दिवस. थंडीत राजस्थानात वाळूच्या रस्त्यावर त्यांची जीप उलटली. लढाई नव्हती की समोर कुणी शत्रू नव्हता. भेटायला येणारे विचारायचे, "कुठल्या आघाडीवर?" आणि मामंजी प्रत्येकाला सरळ सांगायचे, "आघाडी न्हाई. जीप पलटी झाली." त्यांना खोटं बोलताच येत नसे. पुढे जे झालं त्यात खोटं बोलले ती मी.

पाकिटात मुंबईच्या एका शिकवणी संस्थेचे धडे होते. पोस्टाने शिकवणारी संस्था. पत्रावरून कळलं की पाच वर्षांची नोकरी पुरी झाली की यांना सैन्य सोडून मुंबईतल्याच व्यवस्थापनाच्या मोठ्या शिक्षणसंस्थेत जायचं होतं, आणि त्या प्रवेश परीक्षेची तयारी त्यांनी चालू केली होती. वर्षाचे पैसे आधीच भरलेले. छावणी बदलत राहते म्हणून पुढचा पत्ता घरचा दिला होता. दर महिन्याला एक संच यायचा होता, त्यातले तीन छावणीवर येऊन गेले होते. ते यांच्या सामानाबरोबर आलेल्या ट्रंकेत होते, आम्हांला कुणाला ठाऊक नव्हतं.

या चौथ्या पाकिटात नव्या प्रश्नांबरोबर आणखी काही होतं. यांनी आधी सोडवून पाठवलेली उत्तरं, तपासून परत आलेली.

यांचं अक्षर मी पत्रांतून पाहिलं होतं. पण ती पत्रं चार-चार ओळींची, सगळ्यांना वाचून दाखवता येतील अशी. इथे पानंच्या पानं होती. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्यांची सवय मला तेव्हा प्रथम कळली. तांबड्या शाईत कुणीतरी खुणा केल्या होत्या आणि शेवटी शेरा लिहिला होता, की रीत बरोबर आहे, घाई टाळावी.

"काय लिवलंय?" मामंजींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. घाई टाळावी, एवढंच त्यांनी ओठांत म्हटलं आणि उठून गोठ्याकडे गेले.

सोप्यात एकटीच बसून मी ती गणितं पाहत राहिले. एका हौदाचं गणित होतं. दोन नळ भरणारे, एक गळणारा. यांनी गळणारा नळ वजा करायच्या ऐवजी मिळवला होता. चूक इतकी साधी होती की मला राहवलं नाही. शेजारी पेन्सिल पडली होती, ती घेऊन मी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते गणित नीट करून टाकलं. मग खालचं केलं. मग त्याच्या खालचं. महिन्याभरात पहिल्यांदा माझं डोकं कशाततरी गुंतलं होतं.

मामंजी परत आलेले मला कळले नाहीत. ते मागे उभं राहून बघत होते.

"तुला येतं ह्ये?"

"येतं. कॉलेजात होतं."

"त्याला येत नव्हतं त्ये तुला येतं?"

मी घाबरले. मयत झालेल्या नवऱ्याच्या चुका काढत बसलेली सून, असं काहीतरी त्यांना वाटलं असेल असं मला वाटलं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि माझी उत्तरं एकेक करून बघितली, जणू त्यांना ती तपासता येत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी आपलं गजराचं घड्याळ आणून सोप्याच्या जोत्यावर ठेवलं. "पाकिटात लिवलंय, दीड तासात सोडवायचं. बस."

मी बसले. का बसले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सासऱ्यांनी सांगितलं आणि सून बसली, एवढं त्यात होतंच. पण दुपारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायच्या, आणि त्यांच्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा नळ-हौदाची गणितं बरी वाटत होती.

उत्तरं पुरी झाल्यावर मामंजी म्हणाले, "आता धाडून दे मुंबईला."

"कुणाच्या नावानं?"

"कुणाच्या म्हंजे? नंबर छापलाय की त्यावर. त्याचाच."

"मामंजी, त्यांना कळवायला हवं ना. की हे आता…"

"वर्षाचं त्यानं भरलंय," ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. "वरीस पुरं हुईस्तवर त्येचं नाव तिथं राहील."

मी लिफाफा केला. त्यावर यांचा नोंदणी क्रमांक घातला. सात आला तेव्हा त्याच्या पोटात आडवी रेघ मारली.

आत्याबाईंना हे कळलं ते पुढचं पाकीट आलं तेव्हा. त्या दिवशी पोस्टमनसमोर त्याच आधी गेल्या आणि पाकीट पदराखाली धरून आत आल्या. आपल्या मुलाची ट्रंक त्यांनी उघडली, पाकीट न फोडता आत ठेवलं आणि ट्रंकेवर बसून राहिल्या.

"त्याचं हाय त्ये. त्याच्या चिजा कुणी फोडायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या.

"अगं, अभ्यास हाय तो. ठिवून काय करतीस?" मामंजी दारातून म्हणाले.

"आवं, अभ्यास कुणाचा? आं? कुणाचा अभ्यास?" त्यांचा आवाज चिरकला. "पोराच्या नावानं ही लिवती, आन तुमी धाडता. त्यो हाय का न्हाई तुमास्नी ठावं हाय का?"

मामंजी आत आले. ट्रंकेपाशी गेले, आत्याबाईंचा दंड धरून त्यांना हळूच उठवलं, पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत्याबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. भाकरी वाढायच्या, पण ताटाकडे बघून. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं बरोबर आहे असंच मला वाटत होतं, आणि तरी दुसऱ्या दुपारी मी घड्याळापुढे बसले.

त्या संचात यांनी लिहिलेला एक निबंध तपासून आला होता. प्रश्न होता, तुम्हांला व्यवस्थापनाचं शिक्षण का घ्यायचं आहे, दोनशे शब्दांत लिहा. यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, की माझ्या तालुक्यात मुलगा हाताशी आला की तो एक तर सैन्यात जातो नाहीतर मुंबईला ओझी उचलायला. गावात म्हातारी माणसं, बायका आणि डोंगर राहतात. आमच्याकडे मध आहे, हिरडा आहे, दूध आहे, पण ते विकायची रीत कुणाला माहीत नाही. मला ती शिकून परत यायचं आहे, आणि माझ्या मुलांनी घरी राहून पोट भरावं अशी माझी इच्छा आहे.

माझ्या मुलांनी, असं लिहिलं होतं. तोवर आमचं लग्न झालेलं होतं.

यांच्याबरोबरच्या बत्तीस दिवसांत ते माझ्याशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मी तो निबंध इतक्या वेळा वाचला की न ठरवता पाठ झाला. मामंजींना मराठीत करून सांगितला. ते ऐकत असताना जोत्याच्या दगडावर बोटाने रेघा ओढत होते. संपल्यावर म्हणाले, "मला कवा बोलला न्हाई."

"मलाही नाही, मामंजी."

उन्हाळ्यानंतर आलेल्या पाकिटातल्या तपासलेल्या उत्तरांवर शेरा होता, की आपली लक्षणीय प्रगती पाहून आनंद झाला. मी वाचून दाखवला. मामंजींचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. त्यांनी मला तो शेरा पुन्हा वाचायला लावला, आणि मग आतल्या दिशेला तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का? प्रगती हाय म्हणत्यात पोराची!"

बोललेलं त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी घड्याळ उचलून त्याची किल्ली फिरवायला सुरुवात केली आणि ती आता फिरत नाही तरी फिरवत राहिले. मामंजींच्या लेखी दर दुपारी या जोत्यावर कोण बसत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच दिवसांत त्यांनी परीक्षेला खरंच बसायचं काढलं. "नुसतं पोस्टात किती दिवस सोडवायचं? मैदानात उतराय नगं?" मला पदवीचे कागद सांगलीहून आणावे लागणार होते. आम्ही दोघं एसटीने कराडवरून सांगलीला गेलो. दुष्काळाचं ते वर्ष संपत आलं होतं, पण रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग तसेच होते, आणि कराडच्या पुढे उसाची रानं मोकळी दिसत होती.

माहेरी माझे वडील आणि मामंजी पुढच्या खोलीत बोलत बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"सुभेदार, तुमचं मन मोठं आहे," वडील म्हणाले. "पण मुंबईत दोन वर्षं, परक्या पुरुषांत, ही एकटी राहणार? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा इथं आणून ठेवा. बी.एड. करील, शाळेत लागेल."

"लोकांनी माझ्या पोराची माती बघितली," मामंजी म्हणाले. "आता पोरीची परीक्षा बघतील."

आई माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुला करायचंय का हे?"

"मामंजींना करायचंय."

"मी तुझं विचारलं."

मी मेथीची जुडी पुढे ओढली आणि निवडायला लागले. आईने पुन्हा विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने कोपराने पुसलं.

अर्ज मामंजींनी स्वतः भरायला घेतला. पलटणीत त्यांनी कितीतरी अर्ज भरले होते, अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी मोठी अक्षरं ते सावकाश काढायचे. संध्याकाळी त्यांनी मला सहीला बोलावलं. मी अर्ज पाहिला. उमेदवाराचं नाव या रकान्यात यांचं नाव होतं. पूर्ण. शाईने. जन्मगावही यांचं.

मामंजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग अर्जाकडे. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"चुकलं," ते म्हणाले. "दुसरा मागवू."

दुसरा अर्ज येईपर्यंत मुदत संपत आली होती. तो मी भरला. रकाना होता विवाहित की अविवाहित. त्यात तिसरा पर्याय नव्हता. मी पेन धरून बसले तेव्हा मामंजी म्हणाले, "विवाहितच लिव."

परीक्षा थंडीत, रविवारी, पुण्यात. आम्ही आदल्या दिवशी साताऱ्याहून खंबाटकीचा घाट उतरून पुण्याला गेलो आणि खडकीला मामंजींच्या पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याकडे उतरलो. निघताना आत्याबाई बाहेर आल्या नाहीत. पण माझ्या पिशवीत त्यांनी दशम्या बांधून ठेवल्या होत्या, मला त्या गाडीत सापडल्या.

सकाळी मामंजींनी आपला निळा कोट घातला, छातीवर पदकांच्या फिती लावल्या. कॉलेजच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना पाहून टाच जुळवली. वर्गात सगळी पोरं कोट-टायमध्ये. मुली आम्ही दोघीच. दुसरीने बेलबॉटम घातली होती. तिने हसून माझं कॉलेज विचारलं. मी सांगलीचं सांगितलं. "ते कुठेशी येतं?" ती म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत घंटा झाली.

गणितं मला सोपी गेली. वेळ उरला. इंग्रजीत दोनेक ठिकाणी अडले, पण भीती वाटावी असं काही नव्हतं. मी खरंच चांगली तयार झाले होते. मग शेवटचं पान उलटलं. शेवटचा प्रश्न होता, तुम्हांला व्यवस्थापनाचं शिक्षण का घ्यायचं आहे. दोनशे शब्द.

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी लिहायला सुरुवातही केली. माझ्या तालुक्यात मुलगा हाताशी आला की, असं पहिलं वाक्य उतरवलं. दुसरं उतरवलं. मग ते वाक्य आलं, की मला शिकून परत यायचं आहे आणि माझ्या मुलांनी. तिथे माझा हात थांबला. ते वाक्य लिहिणारा माणूस परत आला नव्हता, आणि त्याला मुलं नव्हती, आणि मी त्याच्या जागी बसून त्याचं "मी" लिहीत होते. नऊ-दहा महिने मी तेच करत होते, पण त्या घटकेपर्यंत मला ते जमलं होतं.

लिहिलेल्या ओळींवर मी काट मारली. मग माझं स्वतःचं उत्तर लिहावं म्हणून बसले. काय लिहायचं? सासऱ्यांनी आणलं म्हणून आले? घरी दुपारी बसवत नव्हतं म्हणून आले? खिडकीबाहेर कडुनिंबाच्या झाडाखाली मामंजी उभे दिसत होते. बाकीचे बाप-भाऊ चहा प्यायला गेले होते, कट्ट्यावर बसले होते. हे एकटे उभे होते, पाठ ताठ, कोटाची बटणं लावलेली, वर्गाच्या खिडक्यांकडे तोंड करून. अडीच तास ते तसेच उभे असणार. त्यांच्याकडे बघत बघत माझा वेळ संपला. पान काट मारलेल्या दोन ओळींसकट तसंच गेलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसा गेला?"

"चांगला गेला, मामंजी."

"सगळं लिवलंस?"

"हो."

"शाब्बास!" ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली, सासऱ्याने सुनेच्या पाठीवर कधी मारू नये तशी. लगेच त्यांनी हात मागे घेतला. पण त्या दिवशी ते रस्ताभर बोलत होते. मुंबईला राहायची सोय कुठे होईल, सुट्टीत घरी कसं यायचं. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

दोन-अडीच महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. छापील होतं. मामंजींचा त्यावर विश्वासच बसेना. "असं व्हणार न्हाई. इतकं सोपं गेलं म्हणतीस तू. बाईमाणूस बघून काढलं त्यांनी. खेड्यातली बघून काढलं." मी म्हणाले, "जाऊ द्या ना मामंजी." ते म्हणाले, "का म्हणून जाऊ द्यायचं? तुझ्यावर अन्याव झालाय." तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मेढ्याच्या एका मास्तरांकडून त्यांनी इंग्रजीत तक्रार लिहून घेतली आणि रजिस्टर पोस्टाने धाडली.

मला वाटलं, उत्तर काही यायचं नाही. पण आलं. कुणा सज्जन माणसाने नीट चौकशी करून लिहिलं होतं. उमेदवाराचे गणिताचे गुण फार चांगले आहेत, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलंच नाही, म्हणून मुलाखतीला बोलावता आलं नाही. ते पत्र मामंजींनी माझ्याकडे न देता स्वतः वाचलं. शब्दाशब्दावर बोट ठेवत. बराच वेळ लागला त्यांना.

मी परसात भांडी घासत होते. ते येऊन उभे राहिले.

"कोरं ठिवलंस?"

मी उठले. हात राखेने भरलेले होते.

"व्हय," मी म्हणाले. सांगलीची मी, घरात कधी त्यांच्यासारखं बोलत नसे, पण त्या वेळी तोंडून तेच आलं.

"येत नव्हतं?"

"येत होतं. त्यांचं पाठ होतं."

"मग?"

"त्यांचं होतं ते, मामंजी. माझं नव्हतं. मला काय लिहायचं ते सुचलंच नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"तुला बसायचं हुतं का परीक्षेला?"

मी मान खाली घातली.

"मी कवा इचारलंच न्हाई तुला," ते म्हणाले. "एकदाबी न्हाई इचारलं." आणि वळून गोठ्यात गेले.

थोड्या वेळाने गोठ्यातून आवाज यायला लागला. मला आधी वाटलं, बैल घोरतोय. मग कळलं. यांची माती झाली तेव्हा मामंजी रडले नव्हते. वर्षभरात कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता ते मोठ्यानं रडत होते, यांचं नाव घेऊन, लहानपणी हाक मारायचे तसं अर्धं नाव घेऊन. मी हात तसेच घेऊन गोठ्याकडे धावले. दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी मला अडवलं.

"जाऊ नगंस," त्या म्हणाल्या. "रडू दे त्यास्नी."

"माझ्यामुळं झालं, आत्याबाई."

"तुझ्यामुळं न्हाई." त्यांनी माझा राखेचा हात आपल्या हातात धरला. वर्षभरात त्यांनी मला हात लावला नव्हता. "आज गेला त्येंचा पोरगा. माझा कवाच गेला."

आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. आत ते रडत होते आणि बैल रवंथ करत होते.

त्यानंतर मामंजी बदलले. त्यांचा ताठपणा गेला. कुणी बोललं तर बोलायचे, नाहीतर जोत्यावर नुसते बसून राहायचे. दुपारी मी समोरून गेले की ते दुसरीकडे बघायचे. रागाने नव्हे, लाजेने. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. कधीकधी वाटायचं, दोनशे शब्दच होते, उतरवले असते तर काय बिघडलं असतं. मी मुंबईला गेले असते, कदाचित आवडलंही असतं. म्हाताऱ्याला आणखी दोन वर्षं मुलगा मिळाला असता. मग वाटायचं, आणि त्यानंतर? याचं उत्तर मला तेव्हाही आलं नाही, आजही येत नाही.

पावसाळ्याच्या आधी एक दिवस त्यांनी मला जोत्यावर बोलावलं. "तुला काय करायचं हाय?" असं विचारलं. त्यांनी ते शब्द जुळवून ठेवलेले असावेत, कारण ते तोंडपाठ म्हटल्यासारखे आले. मी म्हणाले, शाळेत गणित शिकवावंसं वाटतं. ते फार आवडीने नव्हे. पण विचारल्यावर मनात जे पहिलं आलं ते तेवढंच होतं. त्यांनी मान हलवली. साताऱ्याच्या बी.एड. कॉलेजचा अर्ज मी आणला, मी भरला, मीच पोस्टात टाकला. प्रवेश मिळाला.

जायच्या दिवशी मामंजी माझी वळकटी घेऊन रस्त्यापर्यंत उतरले. मला वाटलं, पुण्याला आले होते तसे साताऱ्यापर्यंत येतील. गाडी आली. त्यांनी वळकटी वर टाकली, कंडक्टरला सांगितलं, "सातारला उतरवा," आणि खालीच थांबले.

"तुम्ही येत नाही?"

"माझं काय काम तिथं? तुझी तू जा." मग जरा थांबून म्हणाले, "पोरी, तुझ्याजवळ त्येचं काय असंल तर त्ये ठिव. मला आता नगं."

गाडी सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते चढणीला लागले होते, अर्ध्या वाटेत एका दगडावर बसले. पूर्वी ते त्या चढणीला कधी बसत नसत.

त्या वर्षी पौषात मामंजी गेले. माझे सराव पाठ चालू होते, सातवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवत होते. शिपाई दारात आला, वर्गाच्या बाईंनी मला खुणेने बाहेर बोलावलं. मी खडू टेबलावर ठेवला आणि मुलांना सांगितलं, पुढचं उदाहरण तुम्ही करून ठेवा, मी आले की बघते. गावी पोहोचले तेव्हा संध्याकाळ होत होती आणि माणसं माती देऊन ओढ्यावरून परत येत होती. मला तोंड दिसलं नाही.

नोकरी लागल्यावर मी आत्याबाईंना साताऱ्याला घेऊन आले. त्या माझ्याजवळ अकरा वर्षं होत्या. मुलाविषयी, नवऱ्याविषयी त्या फारसं बोलत नसत. फक्त परीक्षेचे दिवस आले, शाळेतली मुलं घरी शंका विचारायला येऊ लागली, की त्या आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या, आणि मुलं गेली असं मी सांगेपर्यंत बाहेर येत नसत.